दक्षिणेचं दार

बोडके सर नामपूरहून नाशिकला परतले तेव्हा त्यांच्या घराला दार नव्हतं.

फाटक होतं. फाटकापासून आतपर्यंत गेलेली फरशी होती. त्या फरशीच्या कडेनं सरांनी तीन महिन्यांपूर्वी स्वतः उभं राहून बसवून घेतलेला लोखंडी कठडाही होता. पण कठडा जिथं संपत होता तिथं, शनिवारी सकाळपर्यंत जिथं सागवानी दार होतं तिथं, विटा होत्या. ओलं सिमेंट, वर भिजवलेलं गोणपाट, आणि खाली पाण्याचं थारोळं. सर हातात पिशवी धरून त्या भिंतीसमोर उभे राहिले. आपण चुकून दुसऱ्याच्या घरी आलो की काय, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. मग फाटकावरची 'धोंडीराम बोडके' ही पाटी दिसली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

सून सायली बाजूच्या बोळातून पळत आली. अण्णा, इकडून या, इकडून, असं म्हणत तिनं पिशवी घेतली. इकडून म्हणजे कुठून, तर पूर्वेच्या बोळातून, जिथं बोहारीण सोडली तर कधी कोणी फिरकलं नाही. अडीच फुटांचा बोळ. त्यात गॅसच्या टाक्या, त्यात पाण्याची मोटर, आणि शेवटी भांडी घासायच्या जागेवर उघडणारं स्वयंपाकघराचं दार. त्या दाराला तीन उंच पायऱ्या. आता त्या दाराला झेंडूचं तोरण होतं, उंबऱ्याला हळदीकुंकू होतं, आणि चौकटीवर पितळेचं काहीतरी नवंकोरं ठोकलेलं होतं. घराचं मुख्य दार म्हणे आता हेच.

सरांनी पायरीवर पाऊल ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला, विमल कशी उतरणार इथून. सायली पिशवी घेऊन आत गेली. तिच्याकडं उत्तर असतं तरी ते तिनं द्यायचं नव्हतं, ते सरांच्या मुलानं, हर्षलनं द्यायचं होतं, आणि तो सातपूरला कंपनीत गेला होता. शनिवारी रजा काढून दोन दिवसांत भिंत बांधून घेतली आणि बाप यायच्या दिवशी बरोब्बर कामावर गेला. शहाणा.

सरांच्या पत्नी विमलबाई पुढच्या खोलीत कॉटवर बसल्या होत्या. त्या खोलीला आता दार नव्हतं, एक खिडकी होती, आणि भरदुपारी ट्यूबलाइट लावावी लागली होती. चार महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला तो डाव्या मेंदूला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं गेलं. सगळं बोलणं गेलं, एक शब्द तेवढा उरला. बरं. चहा हवा का, बरं. पाणी हवं का, बरं. पाय दुखतो का, बरं. डॉक्टर म्हणाले, असं होतं काहींचं, एखादा शब्द अडकून राहतो तोंडात.

पायाचं मात्र चाललं होतं. भाग्यश्री म्हणून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज यायची. तिनं सांगितलं होतं, काकूंना घरातल्या घरात गोल फिरवू नका, बाहेर काढा, समोर जागा दिसली की पाऊल पडतं. म्हणून तो कठडा. दारापासून फाटकापर्यंत धडधाकट माणसाची आठ पावलं, विमलबाईंची वीस. पहिल्या महिन्यात तीन झाली होती, दुसऱ्यात अकरा, आणि गेल्या आठवड्यात त्या डाव्या हातानं कठडा धरून पार फाटकाला जाऊन टेकल्या होत्या. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळं ऊन दिवसभर त्याच दारात. फाटकाजवळ खुर्ची टाकली की त्या तासभर तिथं बसायच्या, भाजीवाली थांबायची, शेजारच्या बायका बोलायच्या, आणि विमलबाई प्रत्येकीला बरं म्हणायच्या. सगळ्या जगाशी त्यांचं जे काही उरलं होतं ते त्या दारातून होतं. आणि ह्या गाढवानं नेमकं ते बुजवलं.

हर्षल संध्याकाळी आला. सरांनी त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. काय काय बोलले ते सगळं इथं सांगण्यात अर्थ नाही, शेजारच्यांनी ऐकलंच. अक्कल गहाण टाकलीस का, इंजिनिअर झालास तो कुणाच्या पैशांनी, बाप बाहेर गेला की घर फोडायचं हे कुठल्या शाळेत शिकलास. हर्षल मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, की त्याला ललितनं सांगितलं. आणि ललितला कुणी सांगितलं, तर अण्णा, तुम्हीच.

तेव्हा कुठं सरांनी त्याला बूट काढू दिले.

हा ललित म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी. अकरावी-बारावीला मराठीत दोनदा गटांगळ्या खाल्लेला, पण बोलायला गोड. पुढं जमिनीची दलाली केली, ती बुडाली, आणि आता गंगापूर रोडला ऑफिस थाटून वास्तुतज्ज्ञ झाला होता. आणि सर एका स्थानिक दैनिकात दर रविवारी शब्दांच्या कुळाबद्दल लिहायचे. सहा वर्षं लिहीत होते. कोण वाचतं, असं विमलबाई बोलत्या असताना विचारायच्या. वाचत होता, हा वाचत होता.

दिवाळीच्या आधी सरांनी दिशांच्या नावांवर लिहिलं होतं, आणि तोच लेख वाचून नामपूरच्या कॉलेजनं त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. लेखात मोठं गुपित काही नव्हतं. जुन्या काळचा माणूस सकाळी उठला आणि उगवत्या सूर्याकडं तोंड करून उभा राहिला. जे समोर होतं ती पूर्व, म्हणजे पुढची. पाठीमागं राहिली ती पश्चिम. उजव्या हाताला आली ती दक्षिण. दक्षिण हा शब्द आधी हाताचा, मग दिशेचा. हिंदीतला दाहिना त्याचाच वंशज. त्याच मुळातून लॅटिनात देक्स्टर झाला, ग्रीकात देक्सिओस झाला, लिथुआनियात आजही देशिने म्हणतात, आणि सगळ्यांचा अर्थ उजवा. पार आयर्लंडच्या जुन्या भाषेत तर उजव्याला आणि दक्षिणेला एकच शब्द होता, म्हणजे तिथला माणूसही आपल्यासारखाच सूर्याकडं तोंड करून उभा होता. इंग्रजांचा ईस्ट आणि आपली उषा या एकाच आजीच्या नाती. कधीकाळी एकाच बोलीचे लोक पांगले आणि जाताना सूर्याकडं बघायची रीत बरोबर घेऊन गेले, एवढंच सरांना सांगायचं होतं. लिहिताना त्यांना स्वतःलाच भरून आलं होतं.

ललितनं त्यातलं एक वाक्य उचललं. दक्षिण म्हणजे उजवा हात. ते घेऊन तो हर्षलच्या कंपनीत गेला, कँटीनमध्ये बसला आणि म्हणाला, सरांसारखा विद्वान माणूस लिहितोय बघ. घर दक्षिणमुखी. काकूंची कुठली बाजू गेली. आता दुसरा झटका यायची वाट बघणार आहेस का.

आणि डॉक्टरांनी दुसऱ्या झटक्याची भीती हर्षलला खरंच घातली होती. म्हणून पोरगं गळाला लागलं.

सरांनी त्या रात्री जेवण केलं नाही. सकाळी हर्षलला कामावर जाऊ दिलं नाही आणि नऊला ललितला बोलावून घेतलं. तो आलाही. कुर्ता, कपाळाला गंध, आणि हातात एक फाइल. वाकून नमस्कार केला, सरांनी पाय मागं घेतले. तो हसला, रागावला नाही. फाइल उघडली तर आत सरांचा तो लेख. कातरून, प्लॅस्टिकमध्ये घालून, महत्त्वाचं वाक्य पिवळ्या रंगानं रंगवलेलं. तो म्हणे हा लेख प्रत्येक घरी दाखवतो. लोकांना संस्कृत सांगितलं की पटत नाही, पण सरांचं नाव घेतलं की पटतं. नाशिकमध्ये आतापर्यंत अकरा घरांची दक्षिणेची दारं त्यानं या लेखावर बंद केली होती. अकरा. सरांना आधी हसू आलं आणि मग त्या हसण्याचाच संताप आला.

मग सर बोलायला लागले. पस्तीस वर्षं वर्गात बोलले तसं बोलले, फक्त आवाज चढवून. दक्षिण म्हणजे उजवा हात, अरे बाबा, हे नाव आहे, शाप नाही. जो हात आपण जेवताना वापरतो, देताना वापरतो, त्याच्यावरून दिशेला नाव पडलं, तर ती दिशा मानाची झाली की वाईट. देवाला प्रदक्षिणा घालतोस तेव्हा देव कुठल्या हाताला ठेवतोस. आणि ज्याला आपण दख्खन म्हणतो तो दक्षिणच की. आपला सगळा मुलूखच दक्षिण, मग विटा लावून सह्याद्री बुजवणार आहेस का. आणि तू फाटकाकडून घरात येताना तोंड उत्तरेकडं असतं, तेव्हा तुझा उजवा हात पूर्वेला असतो, मग आता पूर्वही बंद कर. माणूस वळला की उजवी बाजू वळते, लेका, दार वळत नाही.

बोलणं बिनतोड होतं. ललित मान डोलावत होता, मधूनमधून वा सर म्हणत होता. आणि सरांच्या लक्षात आलं की हा माणूस यातलीही दोन वाक्यं पिवळी करून पुढच्या घरी नेणार आहे. आपण सहा वर्षं काय लिहिलं आणि कुणासाठी लिहिलं, असं वाटून त्यांना स्वतःचाच इतका राग आला की समोरची फाइल उचलून त्यांनी ती स्वयंपाकघराच्या दारातून बोळात भिरकावली. लेख मोटरीखालच्या पाण्यात पडला. ललित उठला, तो भिजलेला कागद त्यानं उचलला, रुमालानं पुसला, परत फाइलमध्ये ठेवला आणि चौकटीतच उभा राहिला.

तेव्हा हर्षल पहिल्यांदा बापाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलला.

"मी आईला विचारून केलंय, अण्णा. तिच्यासमोर बसून विचारलं. दार बंद करू का, म्हटलं. ती बरं म्हणाली."

इथंच काय ते झालं.

सर ताडकन उठले. स्टूल ओढलं आणि विमलबाईंच्या कॉटसमोर जाऊन बसले. विमलबाई सकाळपासूनच्या आरडाओरड्यानं आधीच बावरलेल्या होत्या, डावा हात त्यांनी उजव्या हातावर गच्च धरून ठेवला होता. सरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. ललितलाही बोलावलं. बघा म्हणाले, आता सगळे बघा.

"विमल, तुझं नाव पुतळाबाई ना?"

विमलबाईंनी मान हलवली. "बरं."

"आपलं घर मालेगावला आहे ना?"

"बरं."

सायली म्हणाली, अण्णा, पुरे. खरंच पुरे होतं. हर्षलचा चेहरा उतरला होता, ललितसुद्धा दुसरीकडं बघायला लागला होता. वाद संपला होता, सर जिंकले होते. पण राग असा असतो की जिंकून त्याचं पोट भरत नाही.

"मी उद्या मेलो तर चालेल ना तुला?"

विमलबाईंचं तोंड उघडलं आणि शब्द बाहेर पडला. "बरं." पडता पडताच त्यांना तो कळला. डोळे मोठे झाले, मान जोरजोरात हलायला लागली, आडवी, डावा हात तोंडावर गेला, जणू शब्द परत आत कोंबायचा होता. तोंडातून मात्र तेच येत राहिलं, बरं, बरं, बरं, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

भाग्यश्रीनं पहिल्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांना समोर बसवून बजावलं होतं. काकूंना कळतं सगळं. तोंड ऐकत नाही एवढंच. त्यांची परीक्षा घेऊ नका, चारचौघांत तर नकोच, त्यांना फार लाज वाटते. हर्षल तेव्हा रात्रपाळी करून आला होता, पेंगत होता. त्याच्या डोक्यात ते शिरलं नसेल. सरांनी मात्र ते वहीत लिहून घेतलं होतं.

सायलीनं सासूला कुशीत घेतलं आणि पहिल्यांदाच सासऱ्याला सरळ सांगितलं, अण्णा, तुम्ही बाहेर जा. सर उठले. बाहेर जायचं म्हणजे बोळातून जायचं. त्या तीन पायऱ्या ते उतरले आणि गॅसच्या टाकीशेजारी उभे राहिले. ललित कधीच निघून गेला होता. आत हर्षल फोनवर बोलत होता, बुधाशी, ज्या गवंड्यानं भिंत बांधली त्याच्याशी. उद्याच ये म्हणत होता, आणि त्याचा आवाज रडका झाला होता.

बुधा पेठ तालुक्यातला, फारसं न बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी तो घण घेऊन आला, शनिवारी-रविवारी आपणच लावलेल्या विटा त्यानं एकदा हातानं चाचपल्या आणि फोडायला लागला. सिमेंट अजून पुरतं धरलं नव्हतं, त्यामुळं काम लवकर होत होतं. सर फाटकाशी उभे राहून बघत होते. प्रत्येक घावाबरोबर त्यांना बरं वाटायला हवं होतं, आणि वाटत नव्हतं.

कारण त्यांना हा प्लॉट घेतला तो दिवस सारखा आठवत होता. सत्ताण्णव साल. विमलबाईंनी पसंत केलेला प्लॉट दुसरा होता, त्यांच्या बहिणीच्या शेजारचा, दारात आंबा असलेला. सरांनी हा घेतला. का घेतला, तर दक्षिणमुखी म्हणून कोणी घेत नव्हतं आणि सरांना सगळ्या नातेवाइकांना दाखवून द्यायचं होतं की आपण असल्या गोष्टी मानत नाही. सिन्नरहून भाऊबंद आले होते, सगळ्यांसमोर सरांनी दिशांवर तासभर व्याख्यान दिलं होतं. मग शेवटी बायकोकडं वळून विचारलं होतं, काय, घ्यायचा ना. तेव्हा विमलबाईंचं तोंड धडधाकट होतं, हवं ते बोलू शकत होतं. त्या बरं म्हणाल्या होत्या. आणि सरांनी त्याचा अर्थ होकार घेतला होता, लेकानं परवा घेतला तसाच, अगदी तसाच. हर्षलला गाढव म्हणायला त्यांची जीभ किती सहज वळली होती.

दोन वाजता चौकट मोकळी झाली. बुधानं फुटक्या विटांचं राबिट उचललं, फरशी झाडली, दोन बादल्या पाणी मारलं. ऊन सरळ आत शिरलं आणि कॉटपर्यंत गेलं. हर्षल एका बाजूनं, सायली दुसऱ्या बाजूनं, असं धरून विमलबाईंना उंबऱ्यापर्यंत आणलं. चार दिवस बाहेर न पडल्यामुळं पाय जड झाला होता. उंबऱ्यावर त्या थांबल्या. कठड्यावर विटांची धूळ बसली होती, हात घसरला असता, म्हणून सर पुढं झाले. रोज तेच धरायचे. त्यांनी आपला उजवा हात पुढं केला. कालच्याबद्दल काही बोलावं असं त्यांच्या मनात होतं, रात्रभर त्यांनी शब्द जुळवले होते, शब्दांची त्यांना कधी कमी पडली नव्हती.

विमलबाईंनी त्या हाताकडं पाहिलं. मग सरांच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली, काहीतरी लांबून, फार खालून वर ओढून आणावं तसं झालं.

"नको."

सायली किंचाळलीच. हर्षल म्हणाला, आई बोलली, अण्णा, आई वेगळा शब्द बोलली. त्यानं तिथल्या तिथं भाग्यश्रीला फोन लावला, मग डॉक्टरांना लावला. बुधा घण खाली ठेवून हसत उभा राहिला. शेजारच्या बायका फाटकाशी आल्या, कोणी म्हणालं पेढे आणा, कोणी म्हणालं परत एकदा म्हणा काकू, आणि विमलबाई सुनेचा खांदा धरून, त्यांच्याकडं न बघता, उन्हात पहिलं पाऊल टाकत होत्या. चार महिन्यांत त्या घरात एवढा आनंद कोणी पाहिला नव्हता.

सर उंबऱ्याशी हात पुढं करून उभे होते. त्यांचं अभिनंदन करायला शेजारचे दोघेजण आले, आणि त्यांनी तोच हात धरून हलवला.